हळद नव्हती ती

एकूण ९६,१५० रुपये गेले. फ्रिज ६८,०००, फिटिंग १४,५००, ‘व्हेंटिलेशन किट’ ६,८००, नळी आणि रेग्युलेटर २,३५०, आणि नंतर ‘गॅस भरायचे’ ४,५००. शेवटचे साडेचार हजार सगळ्यांत जास्त झोंबतात.

ताडोब्याच्या पर्यटकांसाठी जुन्या ट्रॅव्हलरची (मिनीबसची) कॅराव्हॅन, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी गाडी, करणं चाललं होतं. रात्री जंगलाकाठी वीज नाही, म्हणून गॅसवर चालणारा फ्रिज. अडाणी म्हणायचं तर म्हणा, पण विहिरीवरची मोटर स्वतः उघडून बसवणारे हात आहेत आमचे. फक्त कॉम्प्रेसर नसलेला फ्रिज आजवर इथे कुणी पाहिला नव्हता. नेमकं तेच फ्रिज विकून बसवून देणाऱ्या फिटरनं हेरलं.

असा फ्रिज अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन यांच्यावर चालतो. खाली ज्योत पेटते, बॉयलर तापतो, अमोनिया वर जातो, थंड होतो, परत खाली येतो. सगळं लोखंडी नळ्यांत कायमचं बंद. नळ्या आतून गंजू नयेत म्हणून त्यात क्रोमेट घातलेलं असतं, आणि क्रोमेट पिवळं असतं. म्हणजे मागच्या नळ्यांवर पिवळा डाग किंवा पिवळी भुकटी दिसली की युनिट फुटलेलं आहे, संपलं.

ती भुकटी आम्हाला दिसली होती. दुकानातच. बॉयलरजवळ बोटभर डाग. विचारलंही. तो हसून म्हणाला, "हळद आहे ते काका, मांगच्या खेपेला पोत्यांसंगं आला माल." आणि आम्ही मान हलवली! शिवाय फ्रिजच्या आत हात घालायला लावला, तर गार. डब्यात आधीच बर्फ ठेवून काढून घेतलेला, एवढंच. नाकाला चुरचुरलंही होतं, तो अमोनियाच. त्याक्षणी उठून जायला काय झालं होतं? पण ५०,००० यूपीआयनं गेले होते, उरलेले ४१,६५० रोख मोजून झाले होते. मोजलेले पैसे परत मागायची लाज वाटते, त्यावरच ही माणसं जगतात.

असा फ्रिज बारा तास चालवून, आत पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर ठेवूनच घ्यायचा. तो सावकाश गार होतो, दहा मिनिटांत दाखवणारा खोटं दाखवतो. फ्रिजच्या माहितीच्या प्लेटवरचं अक्षरही वाचा: एन म्हणजे बाहेर ३२ अंशांपर्यंत, एसटी ३८, टी ४३. आमच्यावर नवीन स्टिकर होतं, त्याखाली एन निघाला. मे महिन्यात चंद्रपूरकडे ४५ ओलांडतं. टीसुद्धा इथे मागे १२ व्होल्टचा पंखा लावल्याशिवाय धापा टाकेल.

आता ते ६,८०० रुपयांचं किट. तीन इंची दोन भोकं आणि जाळी. एका भोकाचं क्षेत्रफळ ४५ चौरस सेंमी, जाळीनं आणखी कमी. अशा फ्रिजची मॅन्युअल खालच्या आणि वरच्या व्हेंटला प्रत्येकी किमान २५० चौरस सेंमी मागतात. हवा खालून शिरून नळ्यांवरून घासत वर जावी म्हणून वरचा व्हेंट थेट फिनांच्या (नळ्यांवरच्या पत्र्याच्या पट्ट्यांच्या) डोक्यावर किंवा छतात हवा. फ्रिजची मागची बाजू आणि गाडीची भिंत यांत इंचभरच फट ठेवायची. जास्त असेल तर पत्र्याचा आडपडदा लावून हवा फिनांकडे ढकलायची, नाहीतर ती मोकळ्या जागेतून निघून जाते आणि फ्रिज तापतच राहतो.

ही झाली थंडाव्याची गोष्ट. जिवाची गोष्ट वेगळी. फ्रिजमागची ज्योतीची जागा माणसं झोपतात त्या भागापासून चारही कडांनी बंद हवी. आमच्याकडे फ्रिजच्या दोन्ही बाजूंनी बोट जात होतं. तिथून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आत येतो, त्याला वास नाही. डोकं दुखतं, झोप येते, मग उठणं नाही. त्याचा अलार्म झोपण्याच्या उंचीवर लावा, आणि एलपीजीचा जमिनीजवळ, कारण हा गॅस हवेपेक्षा जड. ज्योत निळी नसेल, काजळी धरत असेल, तर बंद. जेटमध्ये (गॅस बाहेर पडतो त्या बारीक तोंडात) सुई घालू नका, भोक मोठं होतं.

सिलिंडर त्यानं मागच्या सीटखाली ठेवला, घरगुती १४.२ किलोचा. तो गाडीत वापरणं बेकायदा आहे, हे त्यालाही ठाऊक होतं. सिलिंडरचा कप्पा आतून बंद आणि तळाला बाहेर उघडणारं भोक, असा हवा. रेग्युलेटर ३० मिलिबार दाबाच्या आसपासचा. हा हॉटेलच्या शेगडीचा हाय-प्रेशर लावून गेला. सांधे साबणाच्या पाण्यानं तपासायचे, काडीनं नाही.

फ्रिज गार होईना तेव्हा तो म्हणाला, गॅस कमी झाला, भरून देतो. ४,५०० घेतले, दोन दिवस नेला, आणला. घरच्या फ्रिजसारखी नळी लावून याच्यात गॅस भरायची सोयच नसते! वर ठपका आमच्यावरच, "उतारावर चालवला असन." हे मात्र खरं की तीन अंशांपेक्षा जास्त कललेला बराच वेळ चालवला तर द्रव नळ्यांतच अडकतो, बॉयलरकडे परत येत नाही, आणि युनिट कायमचं जाऊ शकतं. म्हणून तळावर थांबलात की गवंड्याची लेव्हल ठेवून बघा. पण आमचा आधीच मेलेला होता.

मग दारं ठोठावणं. पोलीस ठाण्यात तीन फेऱ्या: "हे दिवाणी आहे, कोर्टात जा." पक्कं बिल कुठाय? नाही. आरटीओत म्हणाले, परवानगीशिवाय गाडीत बदल केले, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, आधी तुमचीच गाडी जप्त करतो. गॅस एजन्सीवाला म्हणे, घरगुती सिलिंडर दिलं कोणी ते सांगा. चोर राहिला बाजूला, जाब आम्हालाच! प्रत्येक टेबलावर कागद पुढच्या टेबलाकडे. अर्ज दिला तर पोच नाही, पोच मागितली तर साहेब मीटिंगात.

जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, मुदत दोन वर्षांची. तिथे यूपीआयची ५०,००० ची नोंद आणि डागाचे फोटो लावलेत. रोख ४१,६५० चं काहीच नाही. फ्रिज गोठ्यात आहे, त्यात ढेपेचं पोतं ठेवतो.