स्कॉटलंड्सपीपल: डलहौसीच्या वंशावळीसाठी पौंड कुठे मोजावेत आणि कुठे नाहीत

लॉर्ड डलहौसीचे नाव बडोद्याच्या मराठी मंडळींत निघते ते सातारा, झाशी, नागपूर खालसा करणारा म्हणून. त्याचे स्वतःचे घराणे कोणते, त्याच्या मागे पदावर कोण आले, हे विचारले तर इतिहास शिकणारेही थबकतात. मूळ नोंदींतून हे शोधायचे तर पहिला पत्ता स्कॉटलंड्सपीपल. नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंड या सरकारी दफ्तरखान्याचे हे संकेतस्थळ. बाप्तिस्मा, जन्म, लग्न, मृत्यू, जनगणना, मृत्युपत्रे यांची मूळ पाने इथे घरबसल्या उघडता येतात. साध्या शेतकऱ्याच्या किंवा विणकराच्या घराण्यासाठी याहून चांगली सेवा मिळणे कठीण. उमरावाच्या घराण्याला मात्र ती अर्धीच पुरते, आणि कोणते अर्धे हे आधी माहीत नसेल तर पैसे फुकट जातात.

नावनोंदणी आणि शोध दोन्ही मोफत. पैसे लागतात ते पान उघडायला. ३० क्रेडिटचा संच ७.५० पौंडांना येतो. जन्म, लग्न किंवा मृत्यूच्या एका पानाला ६ क्रेडिट, मृत्युपत्राला १०, कुलचिन्हाच्या नोंदीला तब्बल ४०. दर अधूनमधून बदलतात, तेव्हा पैसे भरण्याआधी तिथला तक्ता वाचावा. क्रेडिट दोन वर्षे चालते, आणि एकदा उघडलेले पान आपल्या खात्यात राहते, त्याला पुन्हा पैसे पडत नाहीत. इथल्या बँकांच्या बहुतेक डेबिट कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात; अॅपमधून ते आधी सुरू केले नाहीत तर पैसे भरताना व्यवहार नाकारला जातो. शिवाय बँक पौंडाच्या दरावर आपला अधिभार आणि त्या अधिभारावर जीएसटी लावते. रुपयांचा हिशेब बाजारभावापेक्षा थोडा जास्तच धरावा.

क्रेडिट घेण्याआधी सांगाडा कागदावर मांडावा. उमरावांची वंशावळ छापील पीअरेज-ग्रंथांत शंभर-दीडशे वर्षांपासून तयार आहे आणि जुन्या आवृत्त्या इंटरनेटवर मोफत मिळतात. डलहौसीचा सांगाडा असा. मूळ आडनाव रॅम्से. १६१८ मध्ये लॉर्ड रॅम्से ही पदवी, १६३३ मध्ये अर्ल ऑफ डलहौसी. आपला डलहौसी, म्हणजे जेम्स अँड्र्यू ब्राउन-रॅम्से, हा दहावा अर्ल. जन्म २२ एप्रिल १८१२, डलहौसी कॅसल. वडील जॉर्ज, नववे अर्ल, १८३० ते १८३२ हिंदुस्थानचे सरसेनापती होते. आई क्रिस्तियन ब्राउन, कोल्स्टनच्या घराण्यातली. नावातला ‘ब्राउन’ तिच्याकडून आला. जेम्स तिसरा मुलगा, पण दोन्ही थोरले भाऊ वडिलांच्या हयातीतच वारले, म्हणून १८३८ मध्ये अर्लपद त्याच्याकडे आले.

आता शोधातल्या अडचणी. पहिली आडनावाची. अनुक्रमणिकेत हीच व्यक्ती रॅम्से, ब्राउन-रॅम्से किंवा नुसत्या डलहौसी या पदवीखाली येऊ शकते, आणि ब्राउनचे स्पेलिंग तर दोन प्रकारे होते. अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह आणि शेपटीला तारांकन टाकून शोधावे, मग पॅरिश (चर्चचा स्थानिक विभाग) आणि साल आवळत जावे. अकराव्या अर्लला रॅम्से नावाने शोधणारा तर हमखास फसतो. तो डलहौसीचा चुलत भाऊ, जन्मनाव फॉक्स मौल, क्रिमियाच्या युद्धात ब्रिटनचा युद्धमंत्री. त्याच्या वडिलांना आजीच्या (वडिलांच्या आईच्या) माहेरच्या मौल घराण्याची पानम्यूर जहागीर मिळाली आणि तिच्याबरोबर त्यांनी मौल हे आडनाव घेतले. जहागिरीसाठी आडनाव बदलणे स्कॉटलंडच्या खानदानांत नेहमीचेच. गंमत म्हणजे फॉक्स मौलचाही जन्म २२ एप्रिलचाच, फक्त साल १८०१. तारखेवरून जुळवणाऱ्या वंशवृक्षाच्या सॉफ्टवेअरमध्ये हे दोघे एकमेकांत मिसळू शकतात, तेव्हा साल आणि आईवडील पाहिल्याशिवाय जोडणी मान्य करू नये.

दुसरी अडचण १८५५ सालाची. स्कॉटलंडमध्ये सक्तीची सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ रोजी सुरू झाली. त्याआधीची भिस्त चर्च ऑफ स्कॉटलंडच्या पॅरिश-वह्यांवर, आणि बरीच उमराव घराणी त्याहून वेगळ्या एपिस्कोपल पंथाची असल्याने त्या वह्यांत सापडतीलच असे नाही. बाप्तिस्म्याच्या अनुक्रमणिकेत आईवडिलांची नावे मोफत दिसतात, त्यामुळे तिथे आंधळेपणाने क्रेडिट घालवण्याचे कारण नाही. नवव्या अर्लच्या १८३८ च्या मृत्यूसाठी मात्र या वह्यांत वेळ घालवू नये. दफनांच्या नोंदी फार तुटक आहेत.

सरकारी नोंदणीची पाने ही या सेवेची खरी श्रीमंती. स्कॉटिश मृत्युनोंदीत आईचे माहेरचे आडनाव असते. आपल्या वंशावळींत मुलामागून मुलगा येत राहतो आणि सून कोणाकडची हे लिहायचे राहून जाते, त्यांच्या तुलनेत हे केवढे काम सोपे करते! पण वर्षानुसार रकाने बदलतात आणि किंमत मोजण्याआधी ते माहीत हवे. १८५५ च्या मृत्युनोंदीत जन्मस्थान, जोडीदार आणि मुलांची नावेसुद्धा आहेत. कारकुनांना ते झेपेना, म्हणून पुढच्याच वर्षी रकाने कमी केले. १८५६ ते १८६० या काळात जोडीदाराचे नाव नाही, दफनाची जागा आहे. १८६१ पासून जोडीदार परत आला आणि दफनाची जागा गेली. डलहौसी वारला १९ डिसेंबर १८६० रोजी, म्हणजे त्या आखूड रकान्यांच्या अगदी अखेरीस. तेव्हा या पानातून बायकोचे नाव मिळेल अशी आशा धरू नये. आईवडील, मृत्यूचे कारण आणि दफन यांसाठी ते घ्यावे. दफन कॉकपेनच्या जुन्या चर्चच्या आवारात झाले. एका पानावर तीन माणसांच्या नोंदी असतात आणि अक्षर बारीक, म्हणून बडोद्याच्या रावपुऱ्यात कुठेही छापायला दिले तरी ए-थ्री कागदच सांगावा. ए-फोरवर मृत्यूचे कारण वाचता येत नाही.

तिसरी अडचण मोठी, आणि तिच्यावर संकेतस्थळाकडे इलाज नाही. साम्राज्यातल्या या माणसांपैकी अनेक जण स्कॉटलंडमध्ये मरतच नाहीत. डलहौसीची पत्नी लेडी सुझन, ट्वीडेलच्या मार्क्विसची मुलगी, १८५३ मध्ये हिंदुस्थानातून परतताना जहाजावर वारली. समुद्रावरच्या मृत्यूंचे स्कॉटिश रजिस्टर सुरू होते १८५५ पासून. धाकटी मुलगी एडिथ १८७१ मध्ये ऑस्ट्रेलियात अॅडलेडला वारली, कारण नवरा तिथे गव्हर्नर होता. हा नवरा म्हणजे सर जेम्स फर्ग्युसन; पुढे १८८० ते १८८५ मुंबईचा गव्हर्नर, आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजला नाव त्याचेच. डलहौसीचा जावई. तोही १९०७ च्या भूकंपात जमैकातल्या किंग्स्टनला वारला. हे मृत्यू इथल्या मृत्यूच्या वह्यांत शोधणे म्हणजे क्रेडिट नाही तरी वेळ वाया. हिंदुस्थानातल्या बाप्तिस्मा-लग्न-दफनांसाठी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसच्या दफ्तरातल्या, चर्चने पाठवलेल्या नोंदींच्या नकला पाहाव्यात. बंगाल, मद्रास आणि मुंबई यांचे गठ्ठे वेगवेगळे आहेत.

वारसाचा प्रश्न हाच आपल्या कुतूहलाचा गाभा, आणि तो या नोंदी सोडवत नाहीत. डलहौसीला दोन मुलीच. १८४९ मध्ये पंजाब खालसा केल्यानंतर मिळालेले मार्क्विसपद फक्त औरस पुरुषसंततीला जाणारे होते, ते १८६० मध्ये त्याच्याबरोबर खालसा झाले. जुने अर्लपद मात्र पुरुषवंशातल्या कोणत्याही शाखेकडे जाऊ शकत होते, म्हणून ते फॉक्स मौलकडे गेले. तोही १८७४ मध्ये निपुत्रिक वारला, आणि पद आणखी एका चुलत शाखेतल्या जॉर्ज रॅम्से या आरमारी अधिकाऱ्याकडे, बारावा अर्ल म्हणून. बडोद्याच्या वाचकाला इथे दत्तकाची नोंद शोधावीशी वाटेल, कारण जमनाबाईंनी १८७५ मध्ये कवळाण्याच्या शाखेतून गोपाळराव आणले तेच आपले सयाजीराव. स्कॉटलंडमध्ये तशी नोंद सापडणार नाही. तिथे कायदेशीर दत्तक १९३० च्या कायद्याने आले आणि उमरावी पदवी दत्तकाला आजही मिळत नाही.

मृत्युपत्रांची पाने १५१३ पासून आहेत. परदेशात वारलेल्या पण स्कॉटलंडमध्ये मालमत्ता असलेल्या माणसाचे मृत्युपत्र एडिंबरोच्या कोर्टात शोधावे. १० क्रेडिट देऊन लोक निराश होतात, कारण त्यात वाडा नाही, जमीन नाही. कारण साधे आहे: १८६८ पर्यंत तिथे जमीन मृत्युपत्राने देताच येत नसे. त्यात फक्त जंगम मालमत्ता, आणि तिचाही एकतृतीयांश विधवेचा, एकतृतीयांश मुलांचा, उरलेल्या भागावरच मयताची मर्जी. जमिनीचा वारस पंचांसमोर सिद्ध करावा लागे. ‘सर्व्हिसेस ऑफ एअर्स’ नावाची ती दप्तरे वेगळी, आणि १८४७ पर्यंत बहुतांशी लॅटिनमध्ये. उमरावाची वंशावळ खरी तिथे उलगडते.

कुलचिन्हाच्या नोंदीवर ४० क्रेडिट घालवू नयेत. रॅम्से घराण्याची रुपेरी ढालीवरची पंख पसरलेली काळी गरुडाकृती कुठल्याही पीअरेज-ग्रंथात फुकट पाहायला मिळते.

जुन्या तारखांबाबत एक सावधगिरी: स्कॉटलंडने १ जानेवारीला वर्ष सुरू करणे १६०० मध्ये स्वीकारले, इंग्लंडने १७५२ मध्ये. जानेवारी ते मार्चच्या इंग्रजी आणि स्कॉटिश नोंदी शेजारी ठेवल्या की एका वर्षाचा फरक दिसतो, तो चूक समजून दुरुस्त करू नये. घराण्याची खासगी कागदपत्रे ‘जीडी ४५’ या खुणेखाली त्याच दफ्तरखान्यात आहेत, आणि डलहौसीचे हिंदुस्थानातले दफ्तरही त्यांतच. त्यांची सूची दफ्तरखान्याच्या वेगळ्या कॅटलॉगमध्ये मोफत चाळता येते. मूळ कागद हवे तर एडिंबरोच्या वाचनकक्षात जावे लागते, किंवा सूचीतला पूर्ण क्रमांक कळवून नकलांचा खर्च विचारावा लागतो. अर्धवट क्रमांक पाठवला तर पत्रव्यवहार वाढतो.