गॅरेजच्या दारातली कड : ग्रॅनाइट की अँगल?

भुसावळचा भाचा विचारतोय, "मामा, गॅरेजला टाइल बसली, पण शटरखालची कड उघडीच आहे. ग्रॅनाइटची पट्टी लावू की लोखंडी अँगल (L आकाराची पट्टी)?"

आधी कड का फुटते ते बघ. चाक चढताना सगळं वजन टाइलच्या टोकावर येतं, आणि खाली माल (सिमेंट-वाळूचा थर) पोकळ असला की कपचा उडतोच. धुळ्यात आमच्या दारात तसंच झालं. ठोकून पाहिलं तर ढबढब आवाज यायचा.

मार झेलण्यात अँगल वरचढ. ५ मिमी जाडीचा घे, मागे सळईचे तुकडे वेल्ड करून काँक्रीटमध्ये गाड. आपल्याकडच्या उन्हात लोखंड आणि काँक्रीट जवळपास सारखंच फुगतं. ॲल्युमिनियम दुप्पट, म्हणून ती पट्टी नकोच. गंज मात्र येतो, रेड ऑक्साइडचा रंग मारत राहावं लागतं.

ग्रॅनाइटला ती कटकट नाही. वेल्डरही लागत नाही, दुकानातला उरलेला तुकडा मिळाला तर स्वस्तात काम. फक्त खाली माल भरीव हवा आणि बाहेरची धार गोल घासून घे.

स्कूटर, छोटी कार असेल तर ग्रॅनाइट लाव. ट्रॅक्टर किंवा केळीने भरलेला टेम्पो आत घेणार असशील तर अँगलच. उतार दोन्हीत बाहेरच्या बाजूला ठेव, नाहीतर पावसाचं पाणी शटरखालून आत येईल.