खिशातलं रिव्हॉल्व्हर: मिनी घ्यावं की आखूड नळीचं?

मिनी रिव्हॉल्व्हर पहिल्यांदा हातात घेतलं की माणूस हसतो. मीही हसलो होतो. तळहातावर ठेवलं तर तळहातातच मावतं, मूठ मिटली तर जवळजवळ दिसेनासं होतं. खेळणं म्हणावं तर स्टीलचा गारवा आणि सिलिंडर, म्हणजे काडतुसं बसतात तो गोल, फिरवताना येणारा तो बारीक टकटक आवाज सांगतो की हे खेळणं नाही. मी ते दोन वर्षं वापरलं. मग आखूड नळीचं, पाच गोळ्यांचं .३८ (हा आकडा काडतुसाच्या जाडीचा, ढोबळ इंचात) घेतलं, आणि आज चार वर्षं तेच वापरतोय. तेव्हा खालचं सगळं एका माणसाच्या खिशातून आणि एका माणसाच्या हातातून आलेलं आहे, तेवढं धरूनच वाचा.

परवाना, कायदा, कुठे नेता येतं नि कुठे नाही, हे तुम्ही आधीच बघितलं असेल असं समजतो. पिस्तूल की रिव्हॉल्व्हर हा वादही तुमच्यापुरता मिटलेला असेल. प्रश्न उरतो तो एवढाच: अगदीच चिमुकलं घ्यायचं, की नुसतंच लहान?

बाळगण्याच्या बाबतीत मिनी सरळ सरळ जिंकतं. .२२ लाँग रायफल नावाच्या छोट्या काडतुसाचं मिनी सव्वाशे-एकशेतीस ग्रॅमच्या घरात असतं, त्याहून जोरकस .२२ मॅग्नमचं पावणेदोनशेच्या. आखूड नळीच्या .३८मध्ये स्मिथ अँड वेसनचं ६४२ चारशेच्या थोडं वर जातं, रुगरचं एलसीआर चारशेच्या किंचित आत राहतं. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. पातळ कापडाची पँट घालून जिना चढा, मग कळतं. .३८ प्रत्येक पायरीला मांडीवर टेकून आपण आहोत याची आठवण करून देतं. मिनी खिशात आहे हे मी कित्येकदा विसरलो, आणि विसरणं चांगलं नाही हे कबूल केलं तरी कपड्यांची निवड करताना एका वस्तूचा विचार करावा लागत नाही हे सुख मोठं आहे. पट्ट्याशिवायच्या ढगळ पँटमध्ये, पळायला जातानाच्या चड्डीत, उन्हाळ्यातल्या सैल सदऱ्याच्या खिशात .३८ जात नाही. गेलंच तर सगळ्यांना दिसतं.

गोळी झाडण्याच्या बाबतीत मात्र उलट. मिनीची मूठ माझ्या दीड बोटात संपते. करंगळी आणि अनामिका कुठे ठेवायची हे दोन वर्षांत मला नीट ठरवता आलं नाही. दुसऱ्या हाताचा आधार घ्यावा म्हटलं तर नळी जेमतेम २९ मिलिमीटरची. एखादं बोट चुकून तिच्या तोंडापुढे जायला वेळ लागत नाही, म्हणून मी आधार घेणंच सोडून दिलं. नेम धरायची माशी म्हणजे नळीवरचा एक पुळीएवढा उंचवटा. दोन-तीन पावलांवरून कागदावर पाचही भोकं पडायची, सात मीटरवर गेलो की दोन कुठे गेल्या ते कळत नसे. माझ्यापेक्षा बऱ्या हाताचे लोक असतील, आहेतच. पण रेंजवर .३८ घेऊन उभा राहिलो तेव्हा सात मीटरवर पाचही गोळ्या ताटाएवढ्या गोलात बसल्या, तेही पहिल्याच दिवशी. त्यात माझ्या कौशल्याचा भाग कमी आणि धरायला काहीतरी असण्याचा भाग जास्त.

इथपर्यंतचं सगळं मला चाललं असतं. खिशातल्या रिव्हॉल्व्हरनं कोणी पदकं जिंकायची नसतात. नेम मीटरात मोजायची वेळच आली तर तिथून निघून जायला जागाही असते. माझं मन बदललं ते दुसऱ्याच एका कटकटीमुळे. ती दुकानात काचेवर ठेवून बघताना लक्षात येत नाही आणि विकणारा बहुधा सांगत नाही.

घरात मुलं आहेत. त्यामुळे मी रोज रात्री रिव्हॉल्व्हर रिकामं करतो, ते नि काडतुसं वेगवेगळी कुलुपात ठेवतो, आणि सकाळी परत भरतो. म्हणजे दिवसाला दोनदा हाताळणी. आता मिनी रिकामं कसं करतात बघा. आधी घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारी मागची हातोडी, अंगठ्यानं हाफ कॉकवर, म्हणजे अर्धवट मागे घ्यायचा. मग सिलिंडर जिच्यावर फिरतं त्या नळीखालच्या पिनेचं बटण दाबून पिन पुढे ओढून पूर्ण बाहेर काढायची. सिलिंडर बाजूनं तळहातावर पडतं. काडतुसं न निघाली तर त्याच पिनेनं मागे ढकलायची. आता तुमच्या एका हातात सांगाडा, दुसऱ्यात सिलिंडर, पिन दोन बोटांत, आणि पाच काडतुसं जिथे पडतील तिथे. एके रात्री पिन निसटली ती कपाटाखाली. मी गुडघ्यांवर, हातात टॉर्च, पलंगावर पाच काडतुसं पसरलेली. दारात बायको येऊन उभी. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी मी एक जादा पिन मागवली.

रात्रीचं तरी ठीक, सकाळचं अवघड. बहुतेक मिनींच्या सिलिंडरला काडतुसांच्या दोन घरांच्या मधोमध खाच असते. घोडा त्या खाचेत टेकवून बाळगायचं, म्हणजे धक्का लागला तरी घोडा काडतुसावर आपटत नाही. व्यवस्था उत्तम आहे, आणि ती न वापरता भरलेलं मिनी खिशात घालणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. पण घोडा खाचेत बसवायचा कसा, तर पाचही घरं भरलेली असताना घोडा अंगठ्यानं थोडा मागे धरायचा, दुसऱ्या हातानं सिलिंडर अर्धं घर फिरवायचं, खाच समोर आली की घोडा अलगद सोडायचा. घोड्याचा शेंडा केवढा, तर माझ्या अंगठ्याच्या नखाच्या निम्मा. आणि हे रोज सकाळी, घाईत.

हिवाळ्यात मी हातांना तेल लावतो. एका सकाळी ते पुसायचं राहिलं आणि घोडा अंगठ्याखालून सुटला. तो खाचेतच बसला. नळी रेतीच्या बादलीत होती, कारण भरणं-रिकामं करणं बादलीकडे तोंड करूनच करायचं हा माझा नियम आहे. काहीच झालं नाही. पण तो ‘टक’ मला अजून ऐकू येतो, आणि तो ऐकल्यावर जे मनात आलं ते असं: या वस्तूनं संकटात मला वाचवायची शक्यता किती, आणि रोज सकाळी ती माझ्या अंगठ्यावर अवलंबून राहणार ती किती वेळा? वर्षाचे दिवस मोजा.

त्यानंतर मी काय केलं, तर भरायचा कंटाळा करू लागलो. आज जवळच जायचंय, राहू दे. उद्या बघू. जे रिव्हॉल्व्हर चिमुकलं म्हणून घेतलं होतं ते चिमुकलेपणामुळेच कुलुपात राहायला लागलं. सरावही सुटला, कारण रेंजवर पाच गोळ्या झाडायच्या आणि मग झाडलेल्या काडतुसाची फुगलेली पुंगळी पिनेनं ढकलत बसायचं, यात तासाभरात तीसेक गोळ्या झाल्या तरी डोक्यावरून पाणी.

दोष एखाद्या कंपनीचा नाही, घराण्याचा आहे. १८५७ साली स्मिथ अँड वेसननं आपलं पहिलं रिव्हॉल्व्हर काढलं, .२२ शॉर्टच्या सात गोळ्यांचं. त्यालाही ट्रिगर गार्ड, म्हणजे चापाभोवतीचं कडं, नव्हता, चाप म्हणजे खाली डोकावणारा एक कोंब. त्याचंही सिलिंडर भरायला बाहेर काढावं लागे आणि पुंगळ्या नळीखालच्या दांडीवर दाबून काढाव्या लागत. आजचं मिनी त्याचंच नातवंड. धातू सुधारला, काडतूस सुधारलं, भरण्याची रीत आजोबांचीच राहिली.

.३८चं रात्रीचं काम सांगायला फार शब्द लागत नाहीत. अंगठ्यानं कळ दाबली, सिलिंडर डावीकडे उघडलं, नळी वर करून दांडी दाबली, पाच काडतुसं तळहातात. पायातले बूट निघायच्या आत संपलेलं असतं, आणि एकही भाग सुटा होत नाही. सकाळी उलट क्रमानं. घोडा तर माझ्याच्यात बाहेर दिसतच नाही. १९५२ साली स्मिथ अँड वेसननं आपल्या शंभरीला सेंटेनियल नावाचं झाकलेल्या घोड्याचं रिव्हॉल्व्हर आणलं, ६४२ त्याच वळणाचं. खिशाच्या शिवणीत अडकायला काही नाही, अंगठ्यानं सोडायलाही काही नाही. जे बाहेरच नाही ते निसटणार कसं?

आता त्याच्या खोड्याही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर मी वकिली करतोय असं वाटेल. चाप लांब आणि जड. पहिले दोन महिने तर्जनी दुखायची. घरी, रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर, दोनदा तपासून, रोज वीस-पंचवीसदा ओढल्यावर हात सरावला. एलसीआरचा चाप मला त्या मानानं मऊ वाटला, मित्राचं वापरून बघितलं होतं. झटका मात्र खरा शत्रू. चारशे ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरमधून जोरकस .३८ झाडली की अंगठा आणि तर्जनीमधली कातडी दुसऱ्या दिवशीही सांगते. मी सरावाला वॅडकटर वापरतो, सपाट तोंडाची, सौम्य भाराची. हात शाबूत राहतो आणि सराव बंद पडत नाही.

गोळीच्या ताकदीच्या वादात मला पडायचं नाही. एकच सांगतो. .२२ मॅग्नम १९५९ साली आलं ते मुळात लांब नळीला जमेल असं. इंचभर नळीतून झाडलं की बरीचशी दारू बाहेरच जळते. उजेड आणि आवाज भरपूर, पण त्या मानानं वेग हाती येत नाही. शिवाय .२२च्या काडतुसाचा ठिणगी पाडणारा मसाला कडेच्या घडीत भरलेला असतो, त्यामुळे .३८पेक्षा फुसकं निघण्याचा संभव जास्त. माझ्याकडे दोन वर्षांत तीन निघाली. दोन्ही रिव्हॉल्व्हरांत उपाय एकच, पुढच्या घरावर जा. .३८मध्ये त्यासाठी चाप पुन्हा ओढला की झालं. मिनीत तो नखाएवढा घोडा पुन्हा अंगठ्यानं ओढायचा, आणि तेव्हा हात थरथरत असणार हे गृहीत धरा.

खिशातल्या कचऱ्याचं दोघांनाही सारखंच. कापडाचे तंतू सिलिंडरपुढच्या फटीत जाऊन बसतात. आठवड्याला ब्रश फिरवा, त्या खिशात किल्ल्या, नाणी, रुमाल काही ठेवू नका, आणि खिशातलं होल्स्टर वापरा. मिनीला तर ट्रिगर गार्ड नसल्यानं होल्स्टरशिवाय बाळगण्याचा विचारही नको.

मधला मार्ग आहे का? आहे. नॉर्थ अमेरिकन आर्म्सचं साइडवाइंडर नावाचं मिनी आहे, त्याचं सिलिंडर बाजूला उघडतं. माझी अर्धी तक्रार तिथे संपते. घोडा अंगठ्यानंच ओढायचा राहतो, म्हणून उरलेली अर्धी नाही संपत. चाकूसारखी घडी होणारी मूठही मिळते. ती उघडली की धरायला खरंच बरं वाटतं, पण मग उघडायचं आणखी एक काम वाढतं. ज्यांच्या मनगटाला .३८चा झटका सोसत नाही त्यांनी .२२चं एलसीआर एकदा हातात घ्यावं. आठ गोळ्या, झटका नावापुरता, चाप मात्र .३८पेक्षा जड वाटला मला.

म्हणून मिनी घेऊच नका असं म्हणवत नाही. ज्याच्याकडे मोठं आहे आणि जोडीला दुसरं हवंय, ज्याच्या कपड्यांत दुसरं काही मावतच नाही, ज्याच्या घरात रोज रिकामं करायची गरज नाही आणि बोटं बारीक आहेत, त्यानं जरूर बघावं. फक्त विकत घेण्याआधी दुकानदाराला सांगून, रिकाम्या पुंगळ्या घालून, दहा वेळा भरा, दहा वेळा रिकामं करा. अकराव्यांदा कंटाळा आला तर तुम्हाला उत्तर मिळालं.

माझं मिनी मी एका मित्राला दिलं, रीतसर कागद करून. त्याला ते फार आवडतं, रोज बाळगतो म्हणतो. गेल्या भेटीत मी विचारलं, रात्री रिकामं करतोस ना? तो म्हणाला, “अरे, खाचेत असतं ना घोडा.” घरी आल्यावर आठवलं, ती जादा पिन अजून माझ्याच खणात पडून आहे. त्यानं कधी मागितली नाही.