टीपी-लिंक टीएल-डब्ल्यूआर८०२एन: वायफाय नसलेल्या यंत्राला घरच्या नेटवर्कात आणणारी डबी

फायबरवाला राउटर दाराशेजारी लावून जातो. सीसीटीव्हीचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारी पेटी), जुना डेस्कटॉप किंवा फक्त लॅनचं (नेटवर्कच्या तारेचं) भोक असलेला प्रिंटर नेमका आतल्या खोलीत असतो. भाड्याच्या घरात भिंतीला ड्रिल मारायची सोय नसते आणि दारातून ओढलेली केबल आठवड्याभरात चेंगरते. अशा घरांसाठी ही डबी, म्हणजे टीपी-लिंकचा हा छोटा राउटर, आहे. ५७ बाय ५७ बाय १८ मिलिमीटरचा चौकोन, त्याला एक लॅन पोर्ट आणि एक मायक्रो यूएसबी सॉकेट. सोबत ५ व्होल्ट, १ अँपचा अडॅप्टर येतो. वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचं.

डबीत पाच मोड आहेत: राउटर, हॉटस्पॉट, रेंज एक्स्टेंडर, क्लायंट आणि अ‍ॅक्सेस पॉइंट. पैसे वसूल होतात ते क्लायंट मोडमध्ये. बाकीच्यांतला अ‍ॅक्सेस पॉइंट कामाचा, हॉटस्पॉट क्वचित लागणारा, आणि रेंज एक्स्टेंडरसाठी मात्र ही डबी घेऊच नये.

क्लायंट मोडमध्ये डबी तुमच्या वायफायला फोनसारखी जोडली जाते आणि तेच नेटवर्क लॅन पोर्टातून बाहेर देते. डेस्कटॉपला आयपी (नेटवर्कातला पत्ता) मिळतो तो मुख्य राउटरकडूनच. म्हणून हॉलमधल्या फोनवरून आतल्या खोलीतल्या प्रिंटरवर प्रिंट जाते आणि डीव्हीआर घरातल्या घरात सापडतो.

सेटिंग दहा मिनिटांचं आहे, पण ते राउटरशेजारी बसूनच करा; डबी जागेवर नंतर न्या. डबीला वीज दिली की तिचं स्वतःचं वायफाय दिसतं, पासवर्ड मागच्या लेबलवर असतो. फोनवरून करणार असाल तर मोबाईल डेटा आधी बंद करा. या वायफायवर इंटरनेट नाही हे पाहून फोन गुपचूप डेटावर उडी मारतो आणि सेटिंगचं पान उघडतच नाही. ब्राउझरमध्ये टीपीलिंकवायफाय डॉट नेट उघडा, क्लायंट मोड निवडा, यादीतून घरचं वायफाय निवडा, पासवर्ड टाका आणि सेव्ह करा. डबी रीस्टार्ट होते आणि तिचं स्वतःचं वायफाय नाहीसं होतं. इथे पुष्कळ लोक डबी बिघडली समजून रीसेट मारतात. क्लायंट मोडमध्ये ती वायफाय देत नाही, फक्त घेते, हे लक्षात ठेवलं की हा घोळ होत नाही.

घरचं वायफाय यादीत दिसतच नसेल तर बहुधा ते नाव फक्त ५ गिगाहर्ट्झवर चालू आहे. राउटरमध्ये २.४ चालू करा, जमलं तर त्याला वेगळं नाव द्या. दिसतं पण जोडलं जात नाही, पासवर्डही बरोबर आहे, अशा वेळी राउटरची सुरक्षा पाहा. ती निव्वळ डब्ल्यूपीए३ वर (वायफाय सुरक्षेच्या नव्या पद्धतीवर) असेल तर ही डबी आत शिरू शकत नाही, २.४ साठी डब्ल्यूपीए२ ठेवा.

आता डबीपासून कॉम्प्युटरला केबल लावून त्याला मिळालेला आयपी पाहा. निम्मं निदान तिथेच होतं. मुख्य राउटरच्या पट्ट्यातला पत्ता आला, म्हणजे जिओफायबरवर १९२.१६८.२९ पासून सुरू होणारा किंवा इतर बऱ्याच राउटरांवर १९२.१६८.१ पासून सुरू होणारा, तर काम फत्ते. १९२.१६८.० पासून सुरू होणारा आला आणि तुमच्या राउटरचा पट्टा तो नसेल, तर डबी स्वतःच पत्ते वाटते आहे, घरच्या वायफायशी तिची गाठच पडलेली नाही. आणि १६९.२५४ ने सुरू होणारा आला तर पत्ता द्यायला कोणीच उत्तर दिलेलं नाही. आधी केबल आणि तिची क्लिप तपासा.

क्लायंट मोडची एक मर्यादा जाहिरातीत सापडत नाही. साध्या वायफायच्या फ्रेममध्ये (डेटाच्या एका पुडक्यात) तीन पत्त्यांपुरतीच जागा वापरली जाते: राउटर, पाठवणारं यंत्र आणि अंतिम ठिकाण. डबीच्या मागे बसलेल्या डेस्कटॉपचा मॅक पत्ता (यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) लिहायला चौथी जागा लागते, आणि तशी सोय दोन्ही टोकांना जुळत असेल तरच चालते. कंपनीने बसवून दिलेल्या राउटरात ती सहसा नसते. मग डबी सगळा माल स्वतःच्या नावावर पाठवते आणि परत आलेला माल आयपी पाहून ज्याचा त्याला देते. इंटरनेटला याने काही फरक पडत नाही. पण राउटरच्या यादीत मागची यंत्रं भलत्याच मॅक पत्त्याने दिसू शकतात, आणि मॅकवर बांधलेली आयपी राखीव ठेवायची सोय, पॅरेंटल कंट्रोल किंवा मॅक फिल्टर यांवर विसंबता येत नाही. डीव्हीआरला कायमचा आयपी हवा असेल तर तो डीव्हीआरच्याच मेनूत हाताने भरा: मुख्य राउटरच्या पट्ट्यातलाच, पण राउटर जे पत्ते आपोआप वाटतो त्यांच्या बाहेरचा. गेटवे (नेटकडे जायचं दार) म्हणून मुख्य राउटरचा पत्ता द्यायचा, डबीचा नाही.

पोर्ट एकच आहे, पण पुढे पाच पोर्टांचा साधा स्विच (एका केबलच्या अनेक करणारी पेटी) लावून टीव्ही आणि डीव्हीआर दोन्ही चालवता येतात. फक्त त्याच स्विचला मुख्य राउटरकडून दुसरी केबल येत नाही ना, ते बघा. एकदा हवेतून आणि एकदा तारेतून, अशा दोन वाटांनी तेच नेटवर्क जोडलं की लूप होतो, ब्रॉडकास्ट (सगळ्या यंत्रांना उद्देशून पाठवलेले संदेश) गोल गोल फिरत राहतात आणि सगळ्या घराचं नेट आडवं होतं. ‘अधूनमधून सगळंच बंद पडतं’ या तक्रारीमागे अशी एखादी विसरलेली केबल निघू शकते.

वेगाबद्दल स्पष्ट बोलू. खोक्यावर ३०० एमबीपीएस लिहिलेलं असतं, पण लॅन पोर्ट १०/१०० चा आहे, म्हणजे फार तर ९४-९५ एमबीपीएस. शिवाय ३०० चा आकडा ४० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनल गृहीत धरतो. सोसायटीत शेजाऱ्यांची वायफाय एकमेकांवर चढलेली असताना २० मेगाहर्ट्झच धड चालतो, तिथे लिंक १४४ ची आणि प्रत्यक्ष हाती त्याच्या निम्म्याच्या आसपास. फोरके नेटफ्लिक्सला १५ एमबीपीएस पुरतात, डीव्हीआरला त्याहून कमी, म्हणून चिंता नाही. पण ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेऊन तो डेस्कटॉपवर पूर्ण उतरवायचा असेल, किंवा ऑनलाइन गेम खेळायचे असतील, तर ही डबी घेऊ नका. मुख्य राउटरमध्ये २.४ चा चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी जो मोकळा असेल त्यावर पक्का करा. डबी आपोआप त्याच्या मागे जाते.

जागाही महत्त्वाची. लोखंडी कपाटामागे, टीव्हीच्या पाठीला चिकटवून किंवा डीव्हीआरच्या पत्र्याच्या पेटीत ठेवली की सिग्नल मेलाच. फोनवरच्या वायफाय अ‍ॅनालायझरमध्ये त्या जागी सिग्नलचा जोर उणे ६७ डीबीएम किंवा त्याहून चांगला (शून्याच्या जवळचा) हवा; उणे ७५ च्या खाली गेलात तर डबी जोडलेली दिसेल पण चित्र अडकत राहील. लॅन केबल दोन-तीन मीटरची घ्या आणि डबी कपाटाच्या वर काढा. हवेतल्या सिग्नलपेक्षा तारेची लांबी स्वस्त पडते.

वीज सोबतच्या अडॅप्टरवरूनच द्या. टीव्हीच्या यूएसबीवर ती चालू होते खरी, पण तिथे बऱ्याचदा अर्धाच अँप मिळतो आणि लोड आला की डबी रीस्टार्ट होते. टीव्ही बंद केला की तीही बंद. एक फायदा मात्र नक्की: ५ व्होल्टवर चालत असल्याने वीज गेल्यावर साध्या पॉवर बँकेवर टिकते.

घरच्या वायफायचा पासवर्ड बदलला की डबी अनाथ होते. तिचं स्वतःचं वायफाय बंद असल्याने आत शिरायची वाट केबलचीच: लॅपटॉपला हाताने १९२.१६८.०.१० आणि मास्क २५५.२५५.२५५.० द्या आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.२५४ उघडा. हल्लीच्या पातळ लॅपटॉपला लॅन पोर्ट नसतो; मग रीसेट करून पहिल्यापासून सुरुवात.

उलट काम, म्हणजे तारेतून आलेलं नेट आतल्या खोलीत वायफाय करून देणं, अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये नीट होतं. केबल मुख्य राउटरच्या लॅन पोर्टातून आणा, नाव आणि पासवर्ड तेच ठेवा, चॅनल वेगळा. राउटर मोडमध्ये मात्र ठेवू नका, नाहीतर आतलं नेटवर्क वेगळं पडतं आणि हॉलमधला प्रिंटर दिसेनासा होतो. घरात जुना राउटर धूळ खात पडला असेल तर हेच काम तो फुकट करेल: त्याचा आयपी मुख्य राउटरच्या पट्ट्यातला पण वाटपाबाहेरचा ठेवा, डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटायची सोय) बंद करा, केबल लॅन पोर्टातून लॅन पोर्टात लावा, वॅनचं (बाहेरचं नेट घेणारं) भोक रिकामं ठेवा.

रेंज एक्स्टेंडर मोड नको, कारण रेडिओ एकच आहे. तोच राउटरकडून ऐकतो आणि तोच पुढे बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. त्यासाठी दोन बँडचं यंत्र हवं. आरई३०५ मध्ये लॅन पोर्टही मिळतो, पण तोही १०/१०० चाच. गिगाबिट पोर्ट हवा असेल तर आरई४५०. हॉटस्पॉट मोड पीजी आणि होस्टेलवाल्यांसाठी: समोरचं वायफाय एकच कनेक्शन देतं आणि मागे आपलं वेगळं नेटवर्क तयार होतं. समोरचा पट्टाही १९२.१६८.० चा असेल तर डबीचा पत्ता १९२.१६८.५.१ करून घ्या, म्हणजे टक्कर होणार नाही.

डबी घेण्याआधी लॅपटॉपवर विंडोजचं इंटरनेट कनेक्शन शेअरिंग करून बघायला हरकत नाही. लॅपटॉप वायफाय घेतो, लॅनमधून पुढे देतो आणि मागच्या यंत्राला १९२.१६८.१३७ ने सुरू होणारा पत्ता मिळतो. हा ब्रिज (दोन्ही बाजू एकाच नेटवर्कात जोडणारा पूल) नव्हे, वेगळं नेटवर्क आहे, आणि लॅपटॉप झोपला की नेटही झोपतं. विंडोजमधला ब्रिजचा पर्याय वायफाय कार्डावर बऱ्याचदा रुसतो, कारण तोच तीन पत्त्यांचा अडथळा. एखादी संध्याकाळ भागवायला हे पुरतं. डीव्हीआर चोवीस तास चालवायचा तर डबीच घ्या, आणि घेताना लेबलवरचा व्हर्जन नंबर टिपून ठेवा: फर्मवेअर (डबीच्या आतलं सॉफ्टवेअर) त्या नंबरचंच लागतं, दुसऱ्या व्हर्जनचं चढवलं तर डबी कायमची मरू शकते.