कार सीट बरी, बकलनं वैताग आणला: वर्षभर वापरल्यावर

लहान मुलांची, ० ते १८ किलोची, गाडीच्या बेल्टनं बसणारी कन्व्हर्टिबल सीट, म्हणजे आधी पाठमोरी आणि नंतर पुढं तोंड करून लावता येणारी. आमच्या जुन्या हॅचबॅकला आयसोफिक्स (बेल्टशिवाय सीट अडकवायचे गाडीतले हूक) नाही, त्यामुळे निवडायला फारसं काही नव्हतं. सेलमध्ये सात हजारांच्या आसपास पडली. कंपनीचं नाव घेत नाही, भांडण अजून मिटायचंय. सुरुवातीला मी पाच तारे दिले होते. ते आता मागे घेते, आणि कारण एकच: लेकीच्या दोन पायांमधलं ते लाल बटणाचं बकल.

आमचा वापर तसा कमी. कधी सांगली, कधी ज्योतिबा, सुट्टीत पुणे, नाहीतर गगनबावड्यावरून खाली कोकणात. "एवढ्याशा फिरण्याला सात हजार?" हे घरात सगळ्यांनी ऐकवून झालं. सासूबाई म्हणाल्या, "पोरीला कशाला करकचून बांधतीस? मांडीवर घे की." मी सांगितलं, ताशी ५० नं गाडी आदळली तर १० किलोचं पोर क्षणभर २०० किलोच्या जोरानं पुढं फेकलं जातं, कुणाच्या हातात राहणार ते? त्यावर त्या म्हणाल्या, "मग पन्नासनं चालवूच नका." दिरांचं गणित आणखी वेगळं. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १९४ब आलं. चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं तर १००० रुपये दंड. म्हणजे दंडच स्वस्त!

असो. बकलकडे येते.

ते पहिल्यापासूनच कडक होतं. सासूबाईंच्या अंगठ्यानं दाबतच नाही. आधी मला तो दोष वाटला. मग कळलं की सीटवरच्या केशरी स्टिकरवर मुलांच्या सीटसाठीच्या ज्या आर ४४ या आंतरराष्ट्रीय सुरक्षा नियमाचा उल्लेख आहे, त्यातच बटणाला ४० ते ८० न्यूटन, म्हणजे ढोबळमानानं ४ ते ८ किलोचा जोर लागला पाहिजे असं आहे. पोरांना चालत्या गाडीत उघडता येऊ नये म्हणून. ठीक, पटलं. कडकपणाबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती अडकण्याबद्दल. दिवाळीच्या सुट्टीत गगनबावड्याच्या अलीकडं लेकीला उलटीची उबळ आली. गाडी कडेला घेतली, बटण दाबलं, हलेना. दोन्ही अंगठे लावले, तरी हलेना. ती रडतेय, उलटी फ्रॉकवर, मागून सासूबाई "सांगत हुतो मी" म्हणतायत. शेवटी नवऱ्यानं समोरची पट्टी सोडवणारी कळ दाबून खांद्याचे पट्टे पूर्ण सैल केले, एकेक हात बाहेर काढला आणि तिला वर उचलून घेतलं. बकल तसंच बंद. ही युक्ती प्रत्येकानं घरी एकदा करून बघावी. पट्टेही सैल होईनात तर कात्रीनं कापायचे, म्हणून आता डॅशबोर्डच्या खणात कात्री असते.

कस्टमर केअरला फोन केला. "मॅडम, बकलमध्ये अन्नाचे कण गेले असतील तर ते वॉरंटीत बसत नाही." नुसतं बकल द्या, पैसे देते, म्हटलं. तर सुटं मिळत नाही, अख्खी सीट स्वखर्चानं पाठवा. कोल्हापुरातून तो डबडा पाठवायचा खर्च ऐकला आणि फोन ठेवला. लक्ष्मीपुरीत बॅगा दुरुस्त करणारे एक जण म्हणाले, "ताई, शंभर रुपयांत दुसरं बसवून देतो." क्षणभर मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण सॅकचं बकल धडकेत टिकेल याची खात्री कोण देणार? नवरा शिलाई मशीनचं तेल घेऊन आला, तेही घालू दिलं नाही. माहितीपुस्तिकेत तेल, ग्रीस घालू नका असं स्पष्ट लिहिलंय.

उपाय त्याच पुस्तिकेच्या शेवटच्या पानांत बारीक अक्षरात निघाला. बकल खालून सोडवायचं, वाटीभर कोमट पाण्यात बुडवायचं आणि पाण्यातच लावत-काढत राहायचं. पाणी पिवळं झालं, मग तळाला राजगिरा दिसू लागला. राजगिऱ्याचे लाडू! गूळ आत वितळून सांध्यात घट्ट बसला होता, आणि गूळ कोल्हापूरचा, चिकटपणात कुठं कमी पडणार? वाळवून बसवलं आणि पहिल्या दिवसासारखा टक्क आवाज आला. माझा राग बराच उतरला. सीटवरचा. कंपनीवरचा वाढला, कारण हे फोनवर एका वाक्यात सांगता आलं असतं.

बाकी सीट चांगलीच आहे. लेक अकरा किलोची आहे, अजून पाठमोरीच बसते. पाय दुमडतात, तिला त्याचं काही नाही, बघणाऱ्यांनाच होतं. बसवताना सीटमध्ये गुडघा रोवून बेल्ट ओढायचा. बेल्ट जातो तिथं धरून हलवल्यावर इंचभराच्या वर सरकली तर परत पहिल्यापासून. पुढच्या एअरबॅगसमोर पाठमोरी सीट कधीच ठेवायची नाही, हे माहीत असेलच.

खरी अडचण भाड्याच्या गाडीत येते. मागच्या सीटचे बेल्ट कव्हरखाली गाडलेले असतात. आता आम्ही गाडी ठरवतानाच सांगतो, "मामा, मागचे बेल्ट बाहेर काढून ठेवा." मामा हसतात, पण काढून ठेवतात.

सीटला साडेतीन तारे, सर्व्हिसला एक. गाडीत राजगिरा बंद, फक्त केळं, तेही गाडी थांबल्यावर. पुढची घेऊ ती १५ ते ३६ किलोची बूस्टर. त्यात मूल गाडीच्याच बेल्टनं बांधतात, सीटला स्वतःचं बकल नसतंच. लेक पंधरा किलोची व्हायला अजून वेळ आहे, पण मी आत्तापासून सेलवर डोळा ठेवून आहे.