पोलर एच१० छातीपट्टा: मोजमाप चोख, पण मधुमेहींनी आधी डोळे दाखवावेत

व्यायाम थांबल्यावर पहिल्या मिनिटात नाडी किती उतरते हे मोजायला हा पट्टा मनगटी घड्याळापेक्षा उजवा. घड्याळ प्रकाशाच्या आधारे नाडी ओळखतं आणि ती झपाट्यानं बदलली की काही सेकंद मागे पडतं. इथे तर सगळा हिशोबच ६० सेकंदांचा. पट्टा थेट हृदयाचे विद्युत संकेत टिपतो.

मात्र कोरडा पट्टा बांधला की सुरुवातीला वेडेवाकडे आकडे येतात. आतल्या बाजूचे दोन्ही इलेक्ट्रोड नळाखाली ओले करा आणि पट्टा छातीच्या स्नायूंच्या लगेच खाली, घसरणार नाही इतपत घट्ट बांधा. शेवटचा सर्वोच्च आकडा लक्षात ठेवा, एकदम बसू नका, सावकाश चालत राहा आणि बरोबर एका मिनिटानं पुन्हा बघा. १५० वरून १२५ म्हणजे २५ ची उतरण.

१९९९ च्या गाजलेल्या अमेरिकी अभ्यासात १२ किंवा त्याहून कमी उतरण धोक्याची धरली होती, पण तो आकडा ट्रेडमिलवर दम संपेपर्यंत चालवलेल्या रुग्णांचा आहे. संध्याकाळच्या फेरफटक्याला तो लावू नये. गार्मिनची घड्याळं दोन मिनिटांची उतरण दाखवतात, ॲपल एका मिनिटाची. दोन्हींची तुलना करणं व्यर्थ. मेटोप्रोलॉलसारखी नाडी मंदावणारी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर नाडी मुळात फारशी चढतच नाही, मग उतरणीचा अर्थ डॉक्टरांनीच लावावा.

नाडी खाली आणण्याचं काम प्रामुख्यानं मेंदूतून हृदयाकडे येणाऱ्या व्हेगस नसेचं. वर्षानुवर्षं चढ्या राहिलेल्या साखरेनं ही नसही बिघडते आणि डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्याही. दोन्ही दुखणी बऱ्याचदा एकाच माणसात सापडतात ती यामुळे. तरीही उतरण चांगली आली म्हणून पडदा ठीक आहे असं समजणं चूक. त्याला बाहुली मोठी करून केलेली तपासणीच लागते. टाइप २ मधुमेहात निदान होताच, टाइप १ मध्ये निदानापासून पाच वर्षांच्या आत.

आणि ही तपासणी पट्टा बांधण्याआधीच व्हायला हवी. पडद्यावर नव्या, नाजूक रक्तवाहिन्या उगवल्या असतील तर दम लागेपर्यंत धावणं, श्वास रोखून वजन उचलणं यानं डोळ्यात रक्तस्राव होऊ शकतो. अचानक काळे ठिपके, प्रकाशाच्या चमका किंवा नजरेवर पडदा आल्यासारखं वाटलं तर व्यायाम तिथेच थांबवून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा.

देखभाल सोपी. वापरून झाल्यावर वरचं यंत्र पट्ट्यापासून काढून ठेवा, नाहीतर ओल्या पट्ट्यावर ते चालूच राहतं आणि बॅटरी खातं. पट्टा पाण्यानं खळखळून धुवा, घामाचे क्षार साठले की इलेक्ट्रोड दगा देतात. बॅटरी सीआर २०२५, नाण्यानं झाकण फिरवून घरीच बदलता येते.