गरवायचं सामान कुठून घ्यायचं: बंदरावरचं दुकान, मॉल की मोबाईल?

ऑफिसमधल्या एकाला गणपतीत गावी जाऊन गरवायचंय, म्हणजे गळ टाकून मासे पकडायचेत. गाव जयगडकडचं, आयुष्यात कधी रॉड हातात धरलेला नाही, बजेट पाच हजार, आणि मोबाईलवर कार्टमध्ये साडेचार हजारांचं सामान आधीच भरून ठेवलेलं. मला म्हणाला एकदा बघ आणि सांग, ऑर्डर टाकू ना? मी बघितलं आणि म्हटलं जरा थांब. त्याला चहावर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितोय, कारण दर वर्षी कोणी ना कोणी हेच विचारतं.

माझं सांगायचं तर मी राहतो पुण्यात, गाव रत्नागिरीजवळ. लहानपणी प्लास्टिकच्या बाटलीला तंगूस (नायलॉनची दोरी) गुंडाळून खाडीवर बसायचो, आता रॉड-रीळ आहे, मासे साधारण तेवढेच मिळतात. बंदरावरचं दुकान, मॉलमधलं दुकान, ऑनलाईन, तिन्हीकडून सामान घेतलंय आणि तिन्हीकडे पैसे वाया घालवलेत.

आधी त्याच्या कार्टबद्दल. त्यात एक ते '120 पीस फिशिंग किट' होतं, प्लास्टिकच्या कप्प्यांच्या डबीत सगळं रंगीबेरंगी, फोटोत भारी दिसतं. आता गऱ्यांच्या (म्हणजे हुकांच्या) नंबरचा हिशोब असा की 12, 10, 8 असं खाली येत जाल तशी गरी मोठी होत जाते, 1 नंबरनंतर मग 1/0, 2/0, 3/0 असं पुढे आणखी मोठी. त्या किटमधल्या गऱ्या 8 ते 12 नंबरच्या, तारेसारख्या बारीक. तळ्यावर चिलापी काढायला ठीक आहेत. पण जयगडच्या खाडीत तांबोशी लागली तर ती गरी सरळ करून निघून जाणार आणि हा बिचारा वर्षभर ऑफिसात 'किती मोठा होता माहितीये' सांगत फिरणार. 120 पैकी त्याच्या कामाचे फार तर दहा पीस, तेही स्विव्हल, म्हणजे दोरीला पीळ बसू नये म्हणून लावतात त्या फिरत्या कड्या.

आता बंदरावरचं दुकान. आमच्याकडे रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराच्या बाजूला आहेत तशी दुकानं खरं म्हणजे बोटवाल्यांसाठी असतात, जाळी, दोर, बोये, शिसं, ग्रीस, गमबूट, आणि त्यातच एका कोपऱ्यात आपल्यासारख्या हौशींचे रॉड उभे करून ठेवलेले. मी ज्या चाचांकडे जातो ते 'काय पाहिजे' असं विचारतच नाहीत, विचारतात 'कुठं टाकणार?' खडकावर म्हणालात तर सगळ्यात स्वस्त शिसं पुढे करतात, कारण दहातली पाच वजनं खडकात अडकून तिथेच राहणार हे त्यांना माहितीये, महाग घेऊन काय करायचंय. खाडीच्या तोंडाशी म्हणालात तर पुढचा प्रश्न उधाण (मोठी भरती-ओहोटी) आहे की भांग (लहान भरती-ओहोटी), कारण उधाणाला पाण्याला ओढ जास्त, तिथे हलकं वजन ठरतच नाही, वाहत किनाऱ्याला येतं. शेंगाळ्यासाठी लांब दांड्याची गरी देतील, ती तोंडातून सोडवायला सोपी पडते, तांबोशी किंवा जिताड्यासाठी आखूड आणि जाड. ही माहिती बिलात धरत नाहीत! आणि हे सगळं कुठल्या फिल्टरमध्ये टाकून शोधायचं ते मला अजून कळलेलं नाही.

पण दुकानाचं उगाच कौतुक नको. एका दुकानातून (हे चाचांचं नाही) मी तंगुसाचं एक रीळ घेतलं, तर ते काचेच्या कपाटात उन्हात किती वर्षं पडून होतं देव जाणे, पहिल्या फेकीलाच तुटलं आणि वजन घेऊन समुद्रात गेलं. मोनोचं, म्हणजे या एकेरी नायलॉन दोरीचं, तसंच असतं, उन्हाने ते कडक होतं, म्हणून घेताना हातभर ओढून गाठ मारून झटका देऊन बघायचं, दुकानदार वाकडं तोंड करेल, करू दे. दुसरं म्हणजे किंमत. बऱ्याच ठिकाणी सुट्या सामानावर किंमतच नसते, तुमचे कपडे आणि बोलणं बघून भाव ठरतो, पुण्याची गाडी बाहेर लावलीत तर गेलातच. बिल मागितलं की कोऱ्या कागदावर बेरीज करून देतात. आणि नवख्या माणसाशी बोलायची तयारी नसलेले दुकानदारही आहेतच, विशेषतः संध्याकाळी बोटींची गडबड असेल तेव्हा. बायका-मुली गरवायला लागल्यात आता, त्यांना तर 'भावासाठी घेताय का' असं विचारणारेही भेटतात.

मोठी चेन म्हणाल तर आपल्याकडे ती म्हणजे डेकॅथलॉनच. माझा आतेभाऊ अमेरिकेत असतो, तो तिथल्या बास प्रो शॉप्स या चेनचे फोटो पाठवून जळवतो, दुकानात मोठं मत्स्यालय, वगैरे. ते सोडा. डेकॅथलॉनच्या सगळ्या शाखांमध्ये फिशिंगचं सामान नसतं, आधी बघून मगच जा. असेल तिथे बहुतेक त्यांचाच ब्रँड, कॅपरलॅन. फायदा असा की किंमत छापलेली, घासाघीस नाही, रॉड हातात घेऊन वाकवून बघता येतो, कोणी घाई करत नाही, बिल पक्कं. कंपनी फ्रेंच, आणि मी बघितलेला बराचसा माल तळ्या-नदीच्या मासेमारीचा होता. म्हणजे तुम्ही तळ्यावर बसणार असाल (आधी परवानगीचं विचारून घ्या, धरणांमधल्या मासेमारीचे हक्क बरेचदा मच्छीमार सोसायट्यांना दिलेले असतात) तर सुरुवातीला हे सगळ्यात कमी डोकेदुखीचं. खाऱ्या पाण्यासाठी मात्र लेबल वाचून घ्यायचं. सल्ला कोणाला विचारायचा हा वेगळाच प्रश्न, मला एकदा जो मुलगा मदतीला आला तो मूळचा बॅडमिंटनवाला, फार गोड मुलगा, पण ब्रेड (विणलेली दोरी) आणि मोनोतला फरक मीच त्याला सांगून आलो.

ऑनलाईनमध्ये दोन प्रकार आहेत आणि लोक तिथेच घोळ करतात. एक म्हणजे सगळं विकणाऱ्या मोठ्या साइट, जिथे विकणारा कोणीतरी तिसराच असतो. दुसरं म्हणजे फक्त फिशिंगचं सामान विकणारी भारतातली ऑनलाईन दुकानं, जिथे बहुतेक वेळा फोन किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतः गरवणाराच माणूस सापडतो. दुसऱ्या प्रकारावर माझा बराच विश्वास आहे. लूर (नकली मासा), चांगलं ब्रेड, लीडर (गरीजवळ जोडायची जाड दोरी), जिग हेड (वजन लावलेली गरी) यात जी निवड तिथे मिळते ती रत्नागिरीच काय, मुंबईच्या दुकानातही एका जागी मिळणं कठीण. रापाला कंपनीच्या लूरचा एखादा विशिष्ट मॉडेलचा विशिष्ट रंग हवा असेल तर बंदरावर विचारूच नका, चाचा म्हणतात 'मासा रंग बघतो की माणूस?' यात ते अगदीच चूक नाहीत, पण दागोळ, कोकर असे मासे मागे लागलेले असताना लूर किती खोल पळतो याने खरंच फरक पडतो आणि तो खोलीचा आकडा बॉक्सवर लिहिलेला असतो.

पूर्वी बरेच जण अलीएक्सप्रेसवरून लूर मागवायचे, महिना-दीड महिना वाट बघायची, पण किंमत ऐकून हसू यायचं. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये सरकारने ते अ‍ॅप बंद केलं. आता तोच माल इथलेच लोक आणून मोठ्या साइटवर तिप्पट भावात विकतात, वर नाव भलतंच.

आता ब्रेडची गोष्ट सांगतोच. एका मोठ्या साइटवरून मी '40 पाउंड'चं ब्रेड घेतलं, नामांकित कंपनीचा बॉक्स, किंमत निम्मी. निम्मी किंमत बघूनच कळायला हवं होतं. 40 पाउंड म्हणजे 18 किलो. घरी बॅगा तोलायच्या काट्याला बांधून ओढलं तर सहा-सात किलोलाच तुटलं, गाठीमुळे ताकद थोडी कमी होते हे मान्य, पण एवढी नाही. नकली होतं. तेव्हापासून मी दोन गोष्टी बघतो. एक, नुसते पाउंड बघायचे नाहीत, सोबत पीई नंबर (ब्रेडच्या जाडीचा नंबर) आणि जाडी बघायची, पीई 2 म्हणजे साधारण 0.23 मिमी, जाडी आणि ताकद यांचा मेळ बसत नसेल तर कोणीतरी थाप मारतंय. दुसरं, बाहेरून आलेल्या पॅक मालावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापलेली असायलाच हवी, 2011 च्या वजनमापाच्या नियमांत ते आहे. तो स्टिकर नसेल तर वॉरंटी विसरायची, मग ते ऑनलाईन असो नाहीतर दुकानात. ऑनलाईन घेताना विकणाऱ्याचं नाव आणि माल कुठल्या देशातला तेही दाखवावं लागतं, एवढं वाचायचे कष्ट घ्या. फसलातच तर ग्राहक हेल्पलाईन 1915.

रॉड ऑनलाईन घ्यायला मी कचरतो. नऊ फुटी, दोन तुकड्यांचा रॉड मागवला होता, पुठ्ठ्यात गुंडाळून आला, पीव्हीसी पाईप नाही काही नाही, टोक मोडलेलं. परत करायला गेलो तर गावच्या पिनकोडवरून पिकअप नाही! डिलिव्हरी होते पण पिकअप होत नाही, हे कसं ते कोणी सांगू शकलं नाही. शेवटी एसटीने पुण्याला घेऊन आलो, साडेचार फुटांचा पुठ्ठा, कंडक्टर विचारतोय यात काय आहे, मी म्हणतोय मोडलेला रॉड, तो म्हणतो मग नेताय कशाला. पैसे मिळाले पण तीन आठवड्यांनी, तोवर सुट्टी संपलेली. म्हणून म्हणतो, रॉड हातात घेऊन घ्या, आपलं रीळ लावून तोल बघा, रिंगांमधून कापूस फिरवा, कुठे धागा अडकला तर रिंगेला चीर आहे आणि ती तुमची दोरी खाणार. टेलिस्कोपिक रॉड बॅगेत मावतो म्हणून मोह होतो पण वाळू सांध्यात गेली की तो उघडतही नाही आणि मिटतही नाही.

रीळ हा खरा अवघड निर्णय. शिमानो, दाइवा, पेन या कंपन्यांची रिळं ऑनलाईन बरेचदा दोनेकशे ते पाचेकशे रुपये स्वस्त दिसतात आणि सेलमध्ये आणखी. पण रीळ खाऱ्या पाण्यात वापरायचं म्हणजे ते कधी ना कधी घरघरणारच. बेलची स्प्रिंग तुटते, लाईन रोलरची बेअरिंग जाम होते, ड्रॅगच्या चकत्या जातात. ऑनलाईन विकणारा तुम्हाला कंपनीकडे पाठवणार, कंपनी कुरिअर करायला सांगणार, ऐन सीझनमध्ये महिनाभर रीळ नाही. चाचांकडे मोडलेल्या रिळांची एक बालदीच भरलेली आहे, त्यातला कुठलातरी पार्ट काढून अर्ध्या तासात चालू करून देतात, ऑथराइज्ड बिथराइज्ड काही नाही, पण चालू होतं. मात्र हे नेहमीच्या मॉडेलचंच जमतं, फार वेगळं मॉडेल घेतलंत तर त्या बालदीत काही सापडत नाही. माझं सरळ मत, पहिलं रीळ 3000 किंवा 4000 साइजचं, दुकानदार ज्याचे पार्ट ठेवतो तेच, चारशे रुपये जास्त गेले तरी. आणि दोरी तिथेच भरून घ्या. घरी सैल भरलेलं ब्रेड हमखास गुंता करतं, शिवाय ते रिळाच्या नुसत्या स्पूलवर (दोरी गुंडाळायच्या चकरीवर) घसरतं म्हणून खाली थोडं मोनो लागतं, दुकानात हे ते ताण देऊन दोन मिनिटांत करतात.

शिसं ऑनलाईन घेणाऱ्यांबद्दल काय बोलायचं. अर्धा किलो शिशाचं कुरिअर भरण्यापेक्षा बंदरावर जाऊन दोन वडापाव खा.

वेळेचाही हिशोब आहे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना बंदी, त्या काळात दुकानात निवांतपणा असतो, दुकानदार तासभर बोलतो, गाठी शिकवतो. नारळी पौर्णिमेच्या आसपास गेलात तर बोटवाल्यांची झुंबड, तुमच्या चार गऱ्यांकडे बघायला कोणाला फुरसत नसते. ऑनलाईनला ही भानगड नाही, रात्री दोन वाजता मागवा, फक्त गणपतीच्या आदल्या आठवड्यात कोकणात पार्सल वेळेवर पोचेल यावर पैज लावू नका.

त्या ऑफिसवाल्याचं शेवटी असं ठरलं. कार्टमधलं किट आणि टेलिस्कोपिक रॉड उडवला. गावी गेल्यावर बंदरावरून आठ फुटी रॉड, 4000 साइजचं रीळ दोरी भरून, दोन वेगवेगळ्या नंबरच्या गऱ्या, शिसं, स्विव्हल, यात चार हजारांच्या आत बसेल असा अंदाज. उरलेल्या पैशांतून ऑनलाईन एकच चांगला लूर आणि लीडरची एक गुंडाळी, तीही फिशिंगवाल्या दुकानातून आणि ऑर्डर आत्ताच, पुण्याच्या पत्त्यावर. डेकॅथलॉनमधून त्याने स्वतःच्या मनाने एक टोपी घेतली, ती चांगली आहे, मीही घेणार आहे.

आणि हो, त्याला सांगायचं राहिलं, चाचांकडे शुक्रवारी दुपारी जाऊ नको, नमाजला जातात, तीनच्या आधी शटर वर होत नाही.